आधी कर्व्ह, मग बेरी

पोकेमॉन गो खेळणाऱ्या कुणालाही त्याचं दुखणं विचारा, उत्तर ठरलेलं असतं: बॉल पुरत नाहीत. अल्ट्रा बॉल तर पगारासारखे येतात आणि जातात. त्यात एखादा चार्मँडर सहा बॉल खाऊन सातव्याला पळून गेला की माणूस नशिबाला, नेटवर्कला आणि शेवटी कंपनीला बोल लावतो. नशिबाचा भाग आहेच, पण वाटतो तेवढा नाही. बहुतेकांचं चुकतं ते खर्चाच्या क्रमात. समोरचा पोकेमॉन जरा भारी दिसला की हात आधी पिशवीत जातो, महागडा बॉल निघतो, वर गोल्डन राझ बेरी टाकली जाते आणि मग बॉल सरळ रेषेत, मोठ्या वर्तुळात कसाबसा फेकला जातो. फुकट मिळणारा फायदा सोडून विकतचा आधी वापरायचा, असा हा उलटा व्यवहार.

भारतात हा खेळ अधिकृतपणे 14 डिसेंबर 2016 रोजी रिलायन्स जिओच्या साथीनं आला. त्याआधीचे पाच महिने लोक इकडून तिकडून एपीके मिळवून खेळतच होते. इतकी वर्षं खेळणाऱ्यांतही सरळ बॉल फेकणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हा लेख नवख्यांइतकाच जुन्यांसाठीही आहे.

ज्यांनी निन्टेन्डोच्या यंत्रांवरचे मूळ खेळ खेळले आहेत, त्यांनी आधी एक सवय सोडायला हवी. 1996 साली जपानमध्ये आलेल्या रेड आणि ग्रीनपासून तिथली नेहमीची पद्धत अशी: रानटी पोकेमॉनशी लढायचं, त्याची ताकद अगदी तळाला आणायची, जमल्यास झोपवायचं किंवा लुळं पाडायचं आणि मग बॉल टाकायचा. 'फॉल्स स्वाइप' हा डाव तर त्यासाठीच आहे. समोरच्याचा एक पॉइंट शिल्लक ठेवून तो थांबतो. 'गो'मध्ये रस्त्यावर भेटलेल्या पोकेमॉनशी लढाई नाही. मग त्याला नरम करायचं कशानं? पाच गोष्टी हातात उरतात: बॉल कोणता, बेरी कोणती, वर्तुळ किती लहान, बॉलला फिरकी आहे का, आणि त्या प्रकारचं तुमचं पदक किती वरचं.

यातली प्रत्येक गोष्ट एक गुणक आहे, आणि सगळे गुणक एकमेकांना गुणले जातात. खेळाडूंनी खेळातली माहिती उकरून हे आकडे काढलेले आहेत. साध्या लाल बॉलचा गुणक 1, ग्रेट बॉलचा दीड, अल्ट्रा बॉलचा 2. राझ बेरी दीड, सिल्व्हर पिनॅप 1.8, गोल्डन राझ अडीच. वर्तुळाचा गुणक 1 ते 2 यांच्या दरम्यान, जितकं लहान वर्तुळ तितका जास्त. आणि कर्व्हबॉल, म्हणजे फिरकी दिलेला बॉल, 1.7. पुन्हा वाचा. फिरकीचा गुणक राझ बेरीपेक्षा जास्त आहे, ग्रेट बॉलपेक्षाही जास्त आहे, आणि तिला एक पैसा पडत नाही.

उदाहरण घेऊ. बुल्बासॉर, चार्मँडर, स्क्वर्टल या मंडळींचा पकडले जाण्याचा मूळ दर 20 टक्के आहे. पण हा आकडा तसाच लागू होत नाही, पोकेमॉनची लेव्हल वाढते तसा तो खाली येतो. लेव्हल 30 चा चार्मँडर समोर असेल आणि तुम्ही लाल बॉल सरळ फेकलात, तर तो अडकण्याची शक्यता साधारण 14 टक्के. तोच लाल बॉल फिरकी देऊन फेकलात तर 22. फिरकी न देता अल्ट्रा बॉल फेकलात तर 25 ते 26. म्हणजे नुसत्या मनगटानं तुम्ही अल्ट्रा बॉलच्या जवळपास पोचता. आता लाल बॉल, फिरकी आणि 'ग्रेट' वर्तुळ एकत्र करा: 31 टक्के. त्यावर साधी राझ बेरी: 43. आणि एवढं सगळं करून मग अल्ट्रा बॉल काढलात तर 67 च्या पुढे. अल्ट्रा बॉल वाईट नाही. तो शेवटी काढायची वस्तू आहे, एवढंच.

फिरकी शिकताना

बॉलवर बोट ठेवायचं, न उचलता गोल-गोल फिरवायचं. बॉलभोवती चांदण्या उडू लागल्या की फिरकी बसली. मग बोट सोडताना बॉल ज्या बाजूला वळणार, त्याच्या उलट बाजूला फेकायचा. ऑफस्पिनर जसा ऑफ स्टंपच्या बाहेर टप्पा टाकून चेंडू आत आणतो, तसंच. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलात तर बॉल उजवीकडे वळतो, म्हणून फेकायचा डावीकडे. उलट फिरवलात तर उलट. कोणती बाजू घ्यायची हे तुमचा हात ठरवेल, पण एकदा ठरली की बदलू नका. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं येणाऱ्यापेक्षा एका बाजूनं डोळे मिटून येणारा बरा.

सुरुवातीला बॉल हमखास बाहेर जातात. म्हणून सराव पिजी, कॅटरपी, मॅगीकार्प अशा फुटकळ मंडळींवर करा, तोही लाल बॉलनंच. वर्तुळाचा विचारच करू नका, अंगाला लागला तरी पुरे. फिरकीचा फायदा वर्तुळावर अवलंबून नाही, बॉल वर्तुळाबाहेर पण अंगावर बसला तरी 1.7 मिळतोच. ही गोष्ट कळली की निम्मी धास्ती जाते.

एआर, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणारा पोकेमॉन, बंद ठेवा. फोटोला ते छान आहे. पण एआर चालू असताना फोन हलला की पोकेमॉन हलतो, आणि बंद केला की तो मुकाट मधोमध उभा राहतो. बॅटरीही वाचते.

वर्तुळ आणि वेळ

बॉल धरला की पोकेमॉनवर एक पांढरं वर्तुळ दिसतं आणि त्याच्या आत एक रंगीत वर्तुळ आक्रसत जातं. रंग म्हणजे अवघडपणाची पट्टी. हिरवा सोपा, मग पिवळा, नारिंगी आणि लाल सगळ्यांत अवघड. बेरी दिली किंवा बॉल बदलला की रंगही बदलतो, म्हणून बॉल फेकण्याआधीच आपल्या खर्चाचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. रंग फारसा हलला नाही तर बेरी कुठे कमी पडतेय ते कळतं. हिरव्यावर लाल बॉल सोडून काहीही फेकणं ही उधळपट्टी.

बॉल त्या आतल्या वर्तुळात पडला तर त्याच्या आकाराप्रमाणे 'नाइस', 'ग्रेट' किंवा 'एक्सलंट' असं उमटतं. इथे बहुतेकजण एक्सलंटच्या मागे लागतात आणि बॉल वाया घालवतात. ग्रेटचा मधला गुणक दीड धरला, एक्सलंटचा 1.85 आणि हुकलेला बॉल पूर्ण वाया गेला असं मानलं, तर तुमच्या पाच एक्सलंट प्रयत्नांतले चार तरी अचूक बसले पाहिजेत, तरच नेमानं ग्रेट टाकणाऱ्याची बरोबरी होते. आपल्यातल्या बहुतेकांचे बसत नाहीत. माझं मत विचाराल तर रोजच्या खेळात ग्रेट हेच लक्ष्य धरावं. अंगानं थोराड आणि जवळ उभे असणारे पोकेमॉन असतील तेव्हा एक्सलंटचा नाद करावा.

आता खरी युक्ती. नुसता बॉल धरून वर्तुळ हवं तेवढं झालं की फेकायचा, असं केलं तर मध्येच पोकेमॉन उडी मारतो किंवा हल्ला करतो आणि बॉल उडवून लावतो. म्हणून असं करा. बॉल धरा, वर्तुळ हव्या त्या आकाराचं झालं की बोट उचला. वर्तुळ दिसेनासं होतं, पण त्याचा आकार तिथेच गोठतो. आता काही करू नका. पोकेमॉन हल्ल्याचा आविर्भाव करेपर्यंत थांबा. तो सुरू झाला की बॉल धरून फिरवायला लागा, आणि हल्ला संपत येताना असा सोडा की पोकेमॉन जागेवर येतो त्याच क्षणी बॉल तिथे पोचेल. वर्तुळ तुम्ही ठरवलेल्याच आकाराचं मिळतं आणि लगेच दुसरा हल्ला होत नाही. दिसायला किचकट वाटतं, पण एकदा लय सापडली की सुटत नाही. प्रत्येक पोकेमॉनचा हल्ला कमी-जास्त लांबीचा असतो. त्यामुळे एखाद्या नव्या रेड बॉसवर पहिला बॉल फेकण्याआधी त्याचे दोन हल्ले नुसते बघून घ्यावेत. रेडमध्ये तो पळून जात नाही, वेळही मोजला जात नाही.

बेरीचा हिशेब

बेरीबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बॉल हुकला तर बेरीचा परिणाम जात नाही, जातो फक्त बॉल. पोकेमॉन बॉल फोडून बाहेर आला तरच बेरी संपते आणि नवी द्यावी लागते.

नानॅब बेरी पोकेमॉनला शांत करते, पकडण्याची शक्यता वाढवत नाही. झुबॅटसारखे सतत वर-खाली होणारे आणि दूर उडणारे यांच्यासाठी नवख्यांनी जरूर वापरावी. ज्याचा हात बसला आहे त्यानं तिच्यासाठी पिशवीत जागा अडवू नये, सरळ टाकून द्यावी. पिनॅप पकडल्यावर कँडी दुप्पट देते, पण अडकवायला मदत करत नाही. म्हणजे पिनॅप ही हिरव्या वर्तुळाची बेरी आहे, किंवा जो निसटणारच नाही त्याची. सिल्व्हर पिनॅप दोन्ही कामं करते. ती दुर्मिळ जातींसाठी राखा.

पदकांचा फायदा न मागता मिळतो. एखाद्या प्रकारचे, समजा वॉटरचे, 10 पोकेमॉन पकडले की ब्राँझ आणि 1.1 चा गुणक, 50 ला सिल्व्हर आणि 1.2, 200 ला गोल्ड आणि 1.3. पुढचं प्लॅटिनम 2,500 ला आहे आणि त्यानं फक्त 1.4 होतो. तेव्हा आपल्या सगळ्या प्रकारांची पदकं गोल्डपर्यंत न्या. ज्याचं अजून ब्राँझच आहे त्या प्रकारचा फालतू पोकेमॉनही सोडू नका. प्लॅटिनम आपोआप येईल तेव्हा येईल.

पावसातला पिकाचू

हवामानाचा परिणाम महाराष्ट्रात फार नेमका जाणवतो, कारण आपल्याकडे पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो. पाऊस असला की वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग प्रकारांना बळ मिळतं. नुसतं ढगाळ असेल तर फेअरी, फायटिंग आणि पॉयझनला. ऊन असेल तर ग्रास, ग्राउंड आणि फायरला. असे पोकेमॉन जास्त संख्येनं दिसतात आणि त्यांची लेव्हल पाचनं वाढलेली असते. रानात एरवी लेव्हल 30 पर्यंतचे भेटतात, अनुकूल हवेत 35 पर्यंत. पण आपण वर पाहिलं तसं, लेव्हल वाढली की पकडणं अवघड होतं. पुण्यात किंवा ठाण्यात जुलैच्या पावसात भेटलेला पिकाचू मे महिन्यातल्या पिकाचूपेक्षा जास्त बॉल खातो, त्याचं कारण हे.

म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी राझ बेरी भरून घ्या. ओल्या स्क्रीनवर फिरकी बसत नाही, बोट मध्येच सुटतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खेळण्यापेक्षा एखाद्या दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून खेळणं शहाणपणाचं.

मोटारसायकलवर तर नकोच. चालवताना नाहीच नाही, आणि मागे बसून खेळायचं म्हटलं तरी वेगात खेळ धड चालत नाही. घरबसल्या ठिकाण बदलून दाखवणाऱ्या 'जॉयस्टिक' ॲपच्या वाटेला जाऊ नका. आधी समज मिळते, मग 30 दिवस खातं बंद, आणि तिसऱ्या वेळी कायमचं. पोकेस्टॉप पुष्कळदा देवळांत किंवा स्मारकांपाशी असतात. 2016 साली प्रार्थनास्थळांत खेळातली अंडी मिळतात यावरून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली होती. चप्पल काढायची जागा असेल तिथे बाहेरूनच स्टॉप फिरवावा, तेवढ्या अंतरावरून तो फिरतो.

पिशवी रिकामी होऊ नये म्हणून

तालुक्याच्या गावी स्टॉप मोजकेच असतात. तिथे बॉलचा मुख्य आधार म्हणजे मित्रांकडून येणाऱ्या भेटी. शहरातल्या चार मित्रांना सांगून ठेवा आणि रोज त्यांच्या भेटी उघडा. बॉल त्यातूनही येतात. आणि सगळंच पकडायचं सोडा. ज्याची कँडी शंभरांनी साठली आहे, ज्याचं पदक गोल्ड झालं आहे, त्याच्यावर बॉल टाकायचा तर कशासाठी टाकतोय हे स्वतःला सांगता आलं पाहिजे. कम्युनिटी डे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ठरावीक तासांत एकच पोकेमॉन थव्यानं येतो आणि संख्या महत्त्वाची असते. त्या दिवशी लोक 'फास्ट कॅच' करतात. एका बोटानं बॉल निवडायचं बटण डावीकडे ओढून धरायचं, दुसऱ्यानं बॉल फेकायचा, आणि बॉल लागला की हलायची वाट न बघता बाहेर पडायचं. पकडला गेला की नाही ते मागाहून कळतं. दोन्ही हात लागतात, म्हणून कुठेतरी बसून करावं.

फील्ड रिसर्चचं काम पूर्ण केल्यावर भेटणारे पोकेमॉन पळून जात नाहीत. सांगायचं कारण असं, की तिथे घाईनं अल्ट्रा बॉल टाकण्याचं काहीच कारण नाही. लाल बॉल, फिरकी आणि सवड. पिशवी रिकामी असेल तर त्या भेटीतून बाहेर पडा, तो साठवून ठेवला जातो.

रेड

पंचतारांकित रेडमध्ये लेजेंडरीला हरवल्यावर तुम्हाला मोजकेच प्रीमियर बॉल मिळतात. त्यांचा गुणक 1 च, आणि दुसरा कोणताही बॉल तिथे चालत नाही. बहुतेक लेजेंडरींचा मूळ दर अवघा 2 टक्के. सरळ, बेरीशिवाय फेकलेल्या एका बॉलला साधारण 1.7 टक्के शक्यता. असे 12 बॉल फेकले तर सगळे मिळून 18 टक्क्यांच्या आसपास. आता त्याच 12 बॉलना प्रत्येक वेळी गोल्डन राझ, फिरकी आणि ग्रेट वर्तुळ द्या, पदक गोल्ड असू द्या. प्रत्येक बॉलची शक्यता 13 टक्के होते आणि बाराही मिळून 81. रेडमधून रिकाम्या हातानं परतणारे आणि सहसा पकडूनच परतणारे यांच्यातला फरक एवढ्यात आला.

बॉलची संख्याही वाढवता येते. लवकर हरवा, जास्त मार द्या, जिम आपल्या रंगाचा असेल तेव्हा उतरा, आणि ज्यांच्याशी खेळातली मैत्री वरच्या पायरीची आहे अशांसोबत खेळा. गोल्डन राझ वापरण्याची जागा म्हणजे रेडच. रस्त्यावरच्या कुठल्याशा उत्क्रांत झालेल्या पोकेमॉनवर त्या घालवू नका.

रेडमधला लेजेंडरी शायनी निघाला तर मात्र गोल्डन राझ आत ठेवा आणि पिनॅप काढा. तो बॉल लागला की अडकतोच. पहिल्यांदा शायनी दिसल्यावर हात थरथरतात आणि लोक सगळ्या बेऱ्या ओततात. नुसता अंगाला बॉल लागू दे, बस.

पळपुटे

काहींना पकडणं अवघड नसतं, थांबवणं अवघड असतं. ॲब्रा बॉल फोडून बाहेर आला की जवळपास नक्कीच पळतो. मूळ खेळांतही तो पहिल्याच फेरीत टेलिपोर्ट होऊन नाहीसा व्हायचा, तोच स्वभाव इथे आणला आहे. अशांच्या बाबतीत 'आधी लाल बॉल टाकून बघू' हे धोरण चालत नाही. जे काही चांगलं असेल ते पहिल्याच बॉलला वापरा, कारण दुसरा मिळेलच असं नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून अदलाबदलीत जे मिळतं ते पकडण्याच्या भानगडीत न पडताच मिळतं. आपल्याकडे टॉर्कोल सहज दिसतो, तो अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये रस्त्यावर भेटत नाही. न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीला येणार असेल तर त्याला सांगा, येताना टॉरोस पकडून आण, इथून दोन टॉर्कोल घेऊन जा. लंडनहून येणाऱ्याकडे मिस्टर माइम मागा. फक्त आधीपासून मैत्रीची विनंती पाठवून ठेवा, पायरी वाढली की स्टारडस्ट कमी लागतं.

आणि राहता राहिला मास्टर बॉल. 2023 पासून तो 'गो'मध्ये आला, फार क्वचित मिळतो आणि अंगाला लागला की कधीच सोडत नाही. रेडमध्ये तो वापरता येत नाही, त्यामुळे तिथल्या लेजेंडरीसाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. त्याची खरी जागा म्हणजे गॅलेरियन आर्टिकुनो, झॅपडॉस आणि मोल्ट्रेस. रोज एकदा मोफत मिळणारा डेली ॲडव्हेंचर इन्सेन्स लावून 15 मिनिटं चालत राहिलं, तर कधीतरी यांच्यापैकी एखादा येतो. मूळ दर 0.3 टक्के आणि पळून जाण्याचा दर 90 टक्के. अल्ट्रा बॉल, गोल्डन राझ, फिरकी, एक्सलंट आणि प्लॅटिनम पदक असं सगळं जुळून आलं तरी एका बॉलला पाच टक्क्यांच्या वर फारसं जात नाही, आणि बहुतेक वेळा बॉल एकच मिळतो. माझा सल्ला असा: पहिला पक्षी दिसला की लगेच मास्टर बॉल काढू नका. तिघांपैकी तुम्हाला सगळ्यात जास्त कोण हवा ते आधी ठरवा. बाकीचे दोघं आले तर अल्ट्रा बॉल आणि गोल्डन राझवर नशीब आजमावून बघा. मास्टर बॉल काढल्यावर मात्र फिरकीची गरज नाही, वर्तुळाचीही नाही. सरळ फेका, आणि फक्त अंगाला लागेल एवढं बघा.